गारगोटी गिळणारी पेशी

कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात टिमिन्सच्या आसपास सोन्याच्या खाणी आहेत. १९४३ पासून तिथे एक रीत पडली. पाळी सुरू होण्याआधी खाणकामगार कपडे बदलायच्या खोलीत जमायचे, दारं-खिडक्या बंद व्हायच्या आणि ॲल्युमिनियमची काळी, अतिशय बारीक पूड त्या कोंडलेल्या हवेत फवारली जायची. दहाएक मिनिटं सगळ्यांनी ती छातीत भरून घ्यायची आणि मग खाली उतरायचं. तिला मॅकइंटायर पावडर म्हणत. खाणीतल्या दगडाच्या धुळीने फुप्फुसं खराब होऊ नयेत म्हणून आधी धातूची धूळ घ्यायची, असा हा उपचार होता. तो १९७९ पर्यंत चालला आणि पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या सोन्याच्या खाणींपर्यंतही पोचला.

आज हा शुद्ध वेडेपणा वाटतो. पण त्यामागे प्रयोग होते, प्रसिद्ध झालेले निबंध होते, टोरोंटोच्या बँटिंग इन्स्टिट्यूटमधला शास्त्रज्ञ होता. मुख्य म्हणजे एका जुन्या प्रश्नाचं त्या काळी पटणारं उत्तर त्यामागे होतं. दगडाची धूळ फुप्फुसात गेल्यावर नेमकं करते तरी काय, हा तो प्रश्न. गेल्या साडेचारशे वर्षांत त्याचं उत्तर तीन-चारदा बदललं. आणि प्रत्येक उत्तराबरोबर एक बिलही फाडलं गेलं: मालकाच्या नावावर, कामगाराच्या नावावर, नाहीतर जंतूच्या.

लेखी मागोवा सोळाव्या शतकात लागतो. बोहेमियातल्या योआखिमस्टाल या खाणगावात वैद्य म्हणून राहिलेला गेऑर्ग आग्रिकोला याचा खाणकामावरचा मोठा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १५५६ साली, प्रसिद्ध झाला. कोरड्या खाणीतली धूळ श्वासनळीत आणि फुप्फुसांत शिरते, माणसाला धाप लागते, फुप्फुसं खंगतात, हे त्यात आहे. कार्पेथियन डोंगरातल्या खाणगावांत एकेका बाईने सात-सात नवरे केलेले आढळतात आणि सातही याच दुखण्याने गेलेले असतात, असंही तो लिहितो. धूळ फुप्फुसाला कुरतडते, खाऊन टाकते, ही त्याची कल्पना. उपाय म्हणून चेहऱ्यावर सैल बुरखा बांधावा, असं त्याने सुचवलं.

पुढचा मोठा पुरावा विच्छेदनाच्या टेबलावर मिळाला. उट्रेख्टच्या डीमरब्रुकने दम्याने मेलेल्या पाथरवटांची फुप्फुसं कापून पाहिली. सुरी वाळूच्या ढिगातून चालावी तशी करकरत होती. इटालियन वैद्य रामाझ्झिनीने १७०० साली मोडेनात छापलेल्या कामगारांच्या रोगांवरच्या पुस्तकात हे उद्धृत केलं आणि तिथून ते युरोपभर गेलं. आता चित्र साधं झालं. दगडाचा कण टोकदार असतो, तो आत जाऊन टोचतो, कापतो, जखम होते, जखमेचा व्रण राहतो.

या साध्या चित्रातून निघालेला उपाय मात्र नामी होता. इंग्लंडच्या स्टॅफर्डशरमधले कुंभार भांड्यांची माती पांढरी व्हावी म्हणून तिच्यात चकमकीच्या दगडाची पूड घालू लागले होते. तो दगड भाजून कोरडाच कुटायचा, आणि कुटणारी माणसं पटापट मरायची. १७२६ मध्ये टॉमस बेन्सन याने तो पाण्याखाली दळण्याचं पेटंट घेतलं. धूळ उडण्याआधीच ती पाण्यात बसवायची. धुळीचं फुप्फुसात काय होतं याबद्दल बेन्सनला आजच्या शाळकरी पोराइतकंही ठाऊक नव्हतं. पण त्याच्या उपायाला ते ठाऊक असण्याची गरजच नव्हती.

तरी तो सगळीकडे पोचला नाही. शेफील्डमध्ये चाकू, काटे, कात्र्या यांना वालुकाश्माच्या चाकावर धार लावत. काही काम ओल्या चाकावर होई, काही कोरड्या. तिथले डॉक्टर नाइट यांच्या नोंदी एंगल्सने इंग्लंडमधल्या कामगारांवरच्या १८४५ च्या आपल्या पुस्तकात घेतल्या आहेत: कोरड्या चाकावरचा माणूस सरासरी जेमतेम पस्तिशी गाठतो, ओल्यावरचा पंचेचाळिशीच्या आसपास जातो. धूळ ओढून घेणारा पंखाही तेव्हा निघाला होता. काही ठिकाणी कामगारांनीच तो मोडून टाकला. माणसं जास्त जगली तर कामाला हात वाढतील आणि मजुरी उतरेल, अशी भीती होती. या रोगाच्या इतिहासातली मला सर्वांत जास्त अस्वस्थ करणारी नोंद हीच आहे. यात अज्ञान कुठेच नाही. सगळा हिशेब नीट मांडलेला आहे.

१८७० मध्ये मिलानच्या आकिले व्हिस्कोंती याने या दुखण्याला सिलिकोसिस हे नाव दिलं. पण नाव स्थिरावण्याआधीच १८८२ साल उजाडलं. त्या वर्षाच्या मार्चमध्ये बर्लिनला रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू दाखवला. खोकला, रक्त, वजन घटणं, छातीत पोकळ्या: सगळ्याचा गुन्हेगार सापडला. धार लावणाऱ्याचा दमा, कुंभाराचा खोकला, खाणवाल्याची धाप ही निरनिराळी दुखणी डॉक्टरांच्या वहीत एका झटक्यात क्षय झाली. जंतू सगळीकडेच असतो. तो कोंदट घरात वाढतो, थुंकीतून पसरतो. म्हणजे कारखान्याचा संबंध सुटला, कामगाराच्या झोपडीचा आणि सवयींचा जोडला गेला. विज्ञानाने पुढे टाकलेलं खरंखुरं पाऊल एखाद्या प्रश्नाला इतकं मागे नेऊ शकतं, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

धूळ पुन्हा आरोपीच्या पिंजऱ्यात आली ती दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्यामुळे. विटवॉटर्सरँडला १८८६ मध्ये सोनं सापडलं. ते गारगोटीच्या कठीण खडकात अडकलेलं. हाताच्या छिन्नीऐवजी दाबलेल्या हवेवर चालणारे ड्रिल आले, आणि धुळीचे ढग उठले. तिथे कमवायला गेलेले कॉर्नवॉलचे खाणकामगार काही वर्षांतच मरायला परत येऊ लागले. ब्रिटिश शास्त्रज्ञ जे. एस. हॉल्डेन आणि सहकाऱ्यांनी १९०४ मध्ये कॉर्नवॉलच्या खाणवाल्यांचा अहवाल दिला, त्यात क्रम सरळ केला. आधी दगडाची धूळ फुप्फुसाला इजा करते. क्षयाचा जंतू मागाहून त्या घरात शिरतो. दक्षिण आफ्रिकेने १९११-१२ मध्ये खाणवाल्यांच्या या रोगाला भरपाई देणारा कायदा केला. गोऱ्यांना भरपूर, काळ्यांना नाममात्र. एक्स-रे तपासणीपासून पैशांपर्यंत हाच भेद. काळ्या कामगारांची थकलेली बाकी म्हणून खाणकंपन्यांनी पाच अब्ज रँडची तडजोड मान्य केली आणि जोहान्सबर्गच्या उच्च न्यायालयाने ती मंजूर केली, तेव्हा २०१९ साल उजाडलं होतं.

पण धूळ दोषी आहे हे ठरलं तरी ती काय करते हे ठरलेलं नव्हतं. टोचण्याचं जुनं चित्र एव्हाना डळमळलं होतं. सिलिकॉन कार्बाइड, म्हणजे सहाण-पॉलिशचं कार्बोरंडम, गारगोटीपेक्षा कठीण आणि धारदार असतं. त्याच्या धुळीने मात्र तसा व्रण पडत नाही. मग धारेत काही तथ्य नाही. १९२२ मध्ये गाय आणि पर्डी या इंग्रज संशोधकांनी विद्राव्य सिलिका (गारगोटी म्हणजे मुळात सिलिकाच) विषारी असल्याचं दाखवलं, आणि नवं उत्तर पुढे आलं: कण शरीरात हळूहळू विरघळतो, सिलिसिक आम्ल सुटतं, ते पेशींना मारतं. विष म्हटलं की उतारा आलाच. कणावर ॲल्युमिनियमचा पातळ थर बसला तर तो विरघळणार नाही. मॅकइंटायर खाणीचे डेनी आणि रॉबसन यांनी बँटिंग इन्स्टिट्यूटच्या अर्विनबरोबर सशांना गारगोटीची धूळ हुंगवली, त्यात थोडं ॲल्युमिनियम मिसळलं, आणि सशांची फुप्फुसं वाचली. १९३७ मध्ये ते छापून आलं. सहा वर्षांत कामगारांच्या खोलीचं दार बंद झालं.

खाणमालकांना हे उत्तर इतकं का आवडलं, ते सांगायला नको. धूळ दाबायला पाणी, पंखे, नळ्या, मंद काम. पावडरीला एक डबा. ती छातीत भरलेल्या कामगारांमध्ये पुढे पार्किन्सनचं प्रमाण जास्त आढळलं, आणि ऑन्टारिओने २०२२ मध्ये त्याची व्यवसायजन्य रोग म्हणून नोंद केली.

विषाचं उत्तर कोसळलं ते दोन बाजूंनी. काचरूप सिलिका गारगोटीपेक्षा जास्त विरघळते, पण रोग कमी घडवते. विरघळण्याचा सिद्धांत खरा असता तर उलट व्हायला हवं होतं. दुसरी बाजू प्रयोगाची. सिलिकेचे कण एका छोट्या डबीत भरले. डबीची भिंत अशी की विरघळलेला अंश बाहेर झिरपेल, पण पेशी आत शिरणार नाहीत. ती डबी प्राण्याच्या पोटात ठेवली. बाहेर तंतूंची गाठ झाली नाही. म्हणजे पेशीने कणाला प्रत्यक्ष भिडायलाच हवं होतं.

कोणती पेशी, हे कळायला खरं तर १८८२ कडेच परत जायला हवं. कॉखचा जंतू ज्या वर्षी सापडला त्याच वर्षाच्या अखेरीस सिसिलीतल्या मेसिना इथे इल्या मेच्निकॉव्हने तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचे काटे खुपसले आणि दुसऱ्या दिवशी पाहिलं, तर फिरत्या पेशींनी काट्याला वेढा घातलेला. बाहेरून आलेलं जे काही असेल ते गिळायचं, हा या पेशींचा धर्म. त्यांतल्या मोठ्यांना मॅक्रोफेज म्हणतात. आपल्या फुप्फुसातल्या वायुकोशांत त्या गस्त घालत असतात. नाकातले केस, घशातला कफ, श्वासनळीतले हलते रोम यांतून जे निसटतं, म्हणजे साधारण पाच मायक्रॉनपेक्षा लहान कण, ते त्यांच्या वाट्याला येतं. जंतू असेल तर त्या पचवतात. काजळी असेल तर पोटात घेऊन वर्षानुवर्षं बसून राहतात. शहरात राहणाऱ्या कुणाचंही फुप्फुस उघडलं तर काळे ठिपके दिसतात ते यामुळे. गारगोटी त्यांना पचतही नाही आणि ठेवताही येत नाही.

पेशी कणाला गिळते म्हणजे आपल्या पटलाची एक पिशवी करून त्यात तो बंद करते. मग या पिशवीला दुसऱ्या पिशव्या येऊन मिळतात, त्यांच्यात आम्ल आणि पाचकरस असतात. त्यांचा शोध बेल्जियमच्या क्रिस्तियाँ द द्यूव्हने १९५५ मध्ये लावला आणि लायसोसोम हे नाव दिलं. १९६६ मध्ये ॲलिसन, हॅरिंग्टन आणि बर्बेक यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पुढचं पाहिलं: कणाच्या पृष्ठभागाचा स्पर्श होताच पिशवीचं पटल फाटतं, पाचकरस पेशीच्या अंगात सांडतात आणि पेशी मरते. ती मेली की कण पुन्हा मोकळा. तो जसाच्या तसा. झिजलेला नाही, विरघळलेला नाही. शेजारची मॅक्रोफेज येते आणि तो गिळते.

या एका गोष्टीने डॉक्टरांना शतकभर बुचकळ्यात टाकलेलं कोडं सुटलं. माणसाने खाण सोडली, गावी जाऊन शेती धरली, तरी रोग वाढतच का जातो? कारण धूळ आत यायची थांबते, आतली फिरतच राहते.

पण पेशी मरणं म्हणजे अजून व्रण नव्हे. व्रण घालतात त्या फायब्रोब्लास्ट, कोलॅजनचे तंतू विणणाऱ्या पेशी. त्या गारगोटी गिळतच नाहीत. त्यांना निरोप कोण देतं? न्यूकॅसलच्या हेपलस्टन आणि स्टाइल्स यांनी १९६७ मध्ये ‘नेचर’मध्ये एक छोटासा, सुंदर प्रयोग छापला. मॅक्रोफेजना काचेच्या भांड्यात गारगोटी खाऊ घातली, त्यांचा अर्क काढला आणि तो फायब्रोब्लास्टना दिला. त्या जास्त कोलॅजन विणू लागल्या. निरोप मॅक्रोफेजकडूनच येत होता. निरोपाची भाषा समजायला मात्र आणखी चाळीस वर्षं गेली.

ती समजली गाउटच्या वाटेने. लोझानचे युर्ग त्शॉप यांनी २००२ मध्ये पेशीच्या आतली एक धोक्याची घंटा वर्णिली: बरीचशी प्रथिनं एकत्र येऊन बनणारी एक जुळणी, इन्फ्लमासोम. सांध्यात साठणारे युरिक आम्लाचे स्फटिक हिच्यातल्या एका प्रकाराला, एनएलआरपी३ ला, जागं करतात हे २००६ मध्ये कळलं. स्फटिकच तो, मग गारगोटीचा स्फटिक काय करत असेल? २००८ मध्ये तीन निरनिराळ्या गटांनी जवळपास एकाच वेळी तेच उत्तर दिलं: तीच घंटा. पिशवी फाटते, तिच्यातली कॅथेप्सिन नावाचे पाचकरस बाहेर येतात, एनएलआरपी३ ची जुळणी होते, कॅस्पेज-१ नावाची कात्री चालते आणि इंटरल्यूकिन-१ बीटा हा दाहाचा संदेश कापून तयार होतो. तो रक्तातून आणखी पांढऱ्या पेशी बोलावतो. त्या येऊन आजूबाजूच्या ऊतींची नासधूस करतात. मग दुरुस्तीचा हुकूम निघतो, त्यातला मुख्य टीजीएफ-बीटा. फायब्रोब्लास्ट जाग्या होतात, आकसणाऱ्या रूपात बदलतात आणि कोलॅजन घालत सुटतात. जखम भरली की हे थांबायला हवं. इथे जखम भरतच नाही, कारण कण जागच्या जागी आहे.

सूक्ष्मदर्शकाखाली याची जी गाठ दिसते तिला डॉक्टर कांद्याची उपमा देतात: मध्यभागी निर्जीव तंतू, भोवती एकावर एक पापुद्रे, सर्वांत बाहेर धूळ पोटात घेऊन घुटमळणाऱ्या मॅक्रोफेज. या गाठी बहुधा फुप्फुसाच्या वरच्या भागात सुरू होतात, मोठ्या होत होत एकमेकींना मिळतात. वायुकोश आणि रक्त यांच्यामधला पडदा जेमतेम अर्ध्या मायक्रॉनचा असतो. तिथे आता चामड्यासारखा व्रण असतो. माणूस जिना चढताना थांबतो, मग सपाटीवर, मग अंथरुणात. व्रण पुसणारं औषध आजही नाही.

क्षयाचं कोडंही इथेच सुटतं. क्षयाचा जंतू फुप्फुसात ज्या पेशीशी झुंजतो ती हीच मॅक्रोफेज. गारगोटीने तिला निकामी केलं की जंतूला मोकळं रान. हॉल्डेनने जो क्रम आकडेवारीवरून ताडला, तो पेशीत असा आहे. आणि भारतात आजही खडी-क्रशरवरच्या मजुराचा एक्स-रे पाहून टीबीच्या गोळ्या सुरू होतात, कोर्स संपतो, पुन्हा सुरू होतो, आणि तुम्ही काम काय करता हे कुणी विचारत नाही. १८८२ ची ती सोयीस्कर गल्लत आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांतून अजून निवृत्त झालेली नाही.

पटल फाटतं ते का, हे मात्र एवढ्यात कळलं. तुरीनच्या संशोधकांनी प्रयोगशाळेत गारगोटीचे स्फटिक वाढवले. जसे वाढले तसेच, अखंड पृष्ठभागाचे, रक्तपेशींवर टाकले तर फारसं काही झालं नाही. तेच स्फटिक दळले आणि टाकले, की पेशी फुटू लागल्या. दगड तुटतो तेव्हा पृष्ठभागावर सिलॅनॉल नावाचे गट विस्कळीत होतात. त्यांतले काही एकमेकांपासून अशा अंतरावर येतात की ना घट्ट जोडलेले, ना पुरते सुटे. तेच पेशीपटलाला धरतात. २०२० मध्ये हे प्रसिद्ध झालं. म्हणजे धोका दगडात जेवढा आहे त्याहून जास्त त्याच्या ताज्या भंगात आहे. चौपाटीवरची वाळूही बरीचशी गारगोटीच. पण तिचे कण छातीत खोल जाण्यापलीकडचे मोठे आणि युगानुयुगं गुळगुळीत झालेले. विटवॉटर्सरँडच्या ड्रिलने, जीन्स जुनाट दिसावी म्हणून तुर्कस्तानात २००९ च्या बंदीपर्यंत चालणाऱ्या वाळूच्या फवाऱ्याने, वेगाने तुटणारा दगड थेट नाकाशी आणला.

दगड कोणता, यावरही बरंच ठरतं. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात वजनाने निम्मी सिलिका असते, पण ती दुसऱ्या खनिजांत बांधलेली. सुटी गारगोटी नगण्य. वेरूळचे पाथरवट आणि आपले वडार या एका बाबतीत तरी राजस्थानात वालुकाश्म फोडणाऱ्यांपेक्षा नशीबवान म्हणायचे. (कोणतीही धूळ निर्धोक असते असा याचा अर्थ नाही.) कणकवलीजवळ कासार्ड्याला सिलिका वाळूच्या खाणी आहेत, आणि कोल्हापूर-इचलकरंजीच्या फाउंड्र्यांत साच्याची वाळू सिलिकेचीच, तिथे ही सवलत नाही. मध्य प्रदेशातल्या मंदसौरची स्लेट पाटीवरच्या पेन्सिलींसाठी कापली जायची. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसाय आरोग्य संस्थेने तिथल्या कामगारांची तपासणी केली तेव्हा तरुण मुलांची फुप्फुसं गाठींनी भरलेली आढळली. अलिराजपूर, झाबुआ, धारचे आदिवासी गुजरातेत गोध्र्याच्या गारगोटी दळण्याच्या कारखान्यांत गेले आणि काही महिन्यांत, काही वर्षांत घरी येऊन मेले. कायदा नव्हता असं नाही. १९४८ च्या कारखाना अधिनियमात सिलिकोसिस हा सरकारला कळवणं बंधनकारक असलेला रोग होता. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये गुजरात सरकारला २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी तीन लाख द्यायला सांगितलं.

अमेरिकेच्या श्रमखात्याने १९३८ मध्येच ‘स्टॉप सिलिकोसिस’ नावाचा बोलपट काढला होता, त्यात श्रममंत्री फ्रान्सिस पर्किन्स स्वतः दिसतात. हवेच्या घनमीटरमागे ५० मायक्रोग्रॅमची मर्यादा त्या देशात लागू करण्याचा नियम झाला २०१६ मध्ये. मधल्या अठ्ठ्याहत्तर वर्षांत पेशीबद्दल जवळजवळ सगळं कळून झालं होतं.

आता ही धूळ स्वयंपाकघरात आली आहे. दळलेली गारगोटी राळेत घट्ट बसवून केलेल्या लाद्या क्वार्ट्झ नावाने विकल्या जातात. त्यांत सिलिका नव्वद टक्क्यांच्या वर असू शकते. ग्रॅनाइटमध्ये तिचं प्रमाण साधारण तिसरा हिस्सा. इस्रायल, स्पेन, मग ऑस्ट्रेलिया, कॅलिफोर्निया: ओटे कापणारी तिशी-चाळिशीतली माणसं फुप्फुसाच्या प्रत्यारोपणाच्या यादीत दिसू लागली. ऑस्ट्रेलियात आधी ओलं कापण्याची सक्ती झाली, म्हणजे बेन्सनचाच उपाय. मग २०२३ मध्ये तिथल्या सुरक्षा यंत्रणेने सांगितलं की या लादीत सिलिका किती टक्क्यांपर्यंत चालेल याची सुरक्षित मर्यादा ठरवता येत नाही, आणि १ जुलै २०२४ पासून ती बनवण्यावर, विकण्यावर, बसवण्यावर देशभर बंदी आली. आपल्याकडे ओटा साइटवरच कापतात, हातातल्या ग्राइंडरने, बहुतेक वेळा कोरडाच.